राखून ठेवलेलं

टॉडमॉर्डनला, कालव्याच्या अंगाला,
बटणांचं एक दुकान आहे.
चारशे बारा खण, प्रत्येकाच्या तोंडावर
नमुन्याचं एकेक बटण तारेनं बांधलेलं.
मिसेस क्रॅबट्री म्हणाल्या, मार्चला कुलूप लावायचंय,
गुडघे ऐकत नाहीत.
हे सगळं तुझ्या त्या यंत्रात घाल.

मी आधी तक्ते आखले.
वस्तू. गिऱ्हाईक. मागणी. मागणीतल्या ओळी.
वस्तूला क्रमांक, रंग, भोकं दोन की चार,
व्यास मिलिमीटरमध्ये.
त्या म्हणाल्या, बटण लाइनीत मोजतात,
इंचाला चाळीस.
मी एक रकाना वाढवला.
रंग विचारला तर म्हणाल्या, हिरवा नव्हे गं,
ठेवून ठेवून मऊ झालेल्या पेअरचा.
तो रकाना मी मोकळाच सोडला,
हवं ते, हवं तेवढं लिहिण्याजोगा.

मग सर्व्हर समजावला.
त्याला कुणी आठवत नाही.
दर वेळी दार वाजतं, तो उघडतो,
मागितलेलं पान देतो आणि विसरतो.
म्हणून गिऱ्हाइकाच्या खिशात आपण एक चिठ्ठी सरकवतो,
पुढच्या खेपेला दाखवली की तो म्हणतो,
हां, तुमच्या टोपलीत तीन होती.
त्या काउंटर पुसत होत्या.
म्हणाल्या, आमच्या आयरिसच्या स्वेटरला
तिथल्या नर्सनं अशीच एक टाचलीय.
पुसलेलंच पुन्हा पुसलं.

टोपली वीस मिनिटं जगते, मी म्हटलं,
नंतर माल परत फळीवर.
त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला. अडकला होता, लाथ मारली.
आत पाकिटं, पेन्सिलीनं नावं.
मिस पिकल्स, शिंपल्याची सहा, पैसे शुक्रवारी.
तारखेवर साल त्र्याऐंशी.
कुठला शुक्रवार, मी विचारलं.
तिनं सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या.

आणि शेवटच्या एकाच बटणावर
दोघींनी एकाच क्षणी बोट ठेवलं तर?
ओळीला कडी घालतो. जिची विनंती आधी, तिला मिळतं,
दुसरीला क्षमस्व.
मी तर दोघींना बसवून चहा देईन,
आणि विचारेन, कोट कुणाचाय.
असं विचारायला माझ्याकडे पान नव्हतं.

पैशांचं शेवटी सांगितलं.
बँकेचा होकार, साठ्यातून वजाबाकी, पावती:
तिन्ही घडतात, नाहीतर मधेच काही तुटलं
की सगळं मागे घेतो,
जणू काही घडलंच नाही.
घडलंच नाही कसं, त्या म्हणाल्या,
ती येऊन गेली ना?

गुरुवारी रात्री दुकान चालू केलं.
अकरा चाळीसला फोन थरथरला.
शेटलंडहून, शिंगाच्या आठ खुंट्या, मच्छीमारी जाकिटाला.
सकाळी मी पावती छापून नेली,
आमच्या इचलकरंजीत कापडाचे दुकानदार
दिवसाची पहिली नोट लावतात तशी कपाळाला लावली.
भवानी म्हणतात तिला, मी सांगितलं.
त्यांनी चष्मा वर केला, पावती घेतली,
कपाळाला नाही,
नाकाला लावून हुंगली.
शाईचा वास येत नाही, म्हणाल्या,
आणि आठ खुंट्या दोनदा मोजून पाकिटात घातल्या.
मग नववी एक, हरवली तर असावी म्हणून.
माझ्या हिशेबात साठा एकानं चुकला.

त्या रात्री कोडमध्ये एक रकाना घातला: राखीव.
मुदत लिहिली नाही.
सगळ्यात खालच्या खणातली पाकिटं एकेक करून भरली,
शाई उडालेली नावं भिंगाखाली धरून.
आता कुणी कुठूनही त्या पानावर येतं
तेव्हा सर्व्हर नेहमीसारखं, काही न आठवता सांगतो:
शिंपल्याचं, चोवीस लाइन, दोन भोकं.
शिल्लक सहा.
विक्रीला शून्य.